क्लच गेलेला ट्रक

होळीला बद्रीनाथच्या ट्रकचा क्लच गेला आणि तेव्हापासून गावात त्याचा भाव वाढला. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर ती मेकॅनिकच्या दारात धूळ खात पडली असती आणि मालक टपरीवर नशिबाला शिव्या देत बसला असता. बद्रीनाथची गाडी मात्र पळत होती. क्लचला पाय न लावता चालू व्हायची, पाय न लावता गिअर बदलायची, सोयाबीनच्या गोण्या घेऊन परतूरला जायची आणि रिकामी परत यायची. पारावरच्या मंडळींनी तर क्लच हा कंपनीवाल्यांनी उगाच भरीला घातलेला भाग आहे, असा निकालच देऊन टाकला. निकाल देणाऱ्यांत सायकलीच्या पुढचं काही चालवता येणारा एकही नव्हता, पण निकाल द्यायला ते कुठे लागतं?

काळजी होती ती एकट्या अर्पिताला, त्याच्या लेकीला. ती जालन्यात मस्तगडला खोली घेऊन राहायची, बियाण्यांच्या कंपनीत नोकरी करायची आणि एवढ्यातच मोटार चालवायला शिकली होती. शिकवणाऱ्या बाईंनी तिच्या डोक्यात एकच गोष्ट हातोडीने ठोकावी तशी ठोकली होती. गाडी चालू करताना क्लच. थांबवताना क्लच. काही सुचेनासं झालं तरी क्लच. अर्पिता आता ऑफिसच्या खुर्चीवर बसली तरी टेबलाखाली तिचा पाय काहीतरी शोधायचा. अशा मुलीला बाप क्लचशिवाय ट्रक हाकतो म्हटल्यावर झोप कशी लागावी?

ती गावी आली होती कंदोरीसाठी. अंगदला, म्हणजे तिच्या भावाला, मूल होऊ दे, बोकड कापून कंदोरी करीन, असा नवस आजीने, साळूबाईने, पिराला बोलला होता. पीर वाटूरच्या पलीकडे माळावर. मूल झालं, चांगलं गुटगुटीत झालं, आणि आता सगळी भावकी, पातेली, लाकडं, भाकरीचं पीठ आणि खुद्द बोकड असा सारा संसार ट्रकच्या हौद्यात घालून पिराला जायचं होतं.

"पप्पा, दुसरी गाडी सांगू ना एखादी," अर्पिता सकाळी म्हणाली. "एवढी माणसं घेऊन असल्या गाडीत कशाला?"

"माझ्या नातवाच्या कंदोरीला मी दुसऱ्याच्या गाडीत जाऊ?" बद्रीनाथने असं विचारलं की जणू तिने त्याला उघडं फिरायला सांगितलं होतं.

"मंग पार्ट तरी बसवून घ्यायचा. होळीपासून काय करून राह्यले तुमी?"

"पार्ट दोनदा आणला मी जालन्यावरून," अंगद हौद्यात सतरंजी अंथरता अंथरता म्हणाला. "दोन्ही बारीला पप्पा म्हणले, बराबर न्हाई, वापस कर."

"बराबर नव्हताच तो," बद्रीनाथ म्हणाला आणि विषय संपला. त्या घरात गाडीचे सगळे विषय असेच संपत. शेताबद्दल, लग्नाबद्दल, देवाबद्दल कुणीही काहीही बोलावं; गाडीबद्दल एकानेच बोलावं.

बायका आणि पोरं हौद्यात चढली. साळूबाईही मागेच बसली, कारण केबिनमधल्या डिझेलच्या वासाने तिला मळमळायचं. केबिनमध्ये खिडकीशी नातवाला मांडीवर घेऊन गिरिजाबाई, म्हणजे अर्पिताची आई, आणि मधे इंजिनवरच्या बोनेटवर गोधडीची घडी टाकून अर्पिता. तिथून बापाचे हात, पाय, गिअरचा दांडा, सगळं तिच्या नजरेखाली होतं.

"बसले का समदे?" बद्रीनाथने मागे ओरडून विचारलं. मागून अंगदने पत्र्यावर दोन थापा मारल्या. एवढं झाल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही, हा त्याचा नवा नियम होता, आणि त्याचं कारण अर्पिताला लगेच कळलं. इंजिन बंद असतानाच त्याने गिअर पहिल्यात टाकला आणि सेल्फ मारला. मोटारीत आधी इंजिन चालू होतं, मग गाडी. इथे चावी फिरली आणि गाडी आणि इंजिन दोन्ही एकदमच दचकले. ट्रकने पुढे हिसका मारला, दुसरा मारला, मग इंजिनाने आवाज धरला आणि गाडी सुटली. हौद्यातून बायकांचा हसण्याचा आणि भांड्यांचा आवाज आला. अर्पिताने मात्र समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती.

"घाबरली," बद्रीनाथ खुशीत म्हणाला.

मग तो गिअर बदलताना तिने पाहिलं आणि खरं सांगायचं तर ती भुललीच. रेस सोडायची. आवाज उतरू द्यायचा. दोन बोटांनी दांडा बाहेर काढायचा, क्षणभर गाडी मोकळी सोडायची आणि आवाज हवा तिथे आला की दांडा पुढच्या गिअरमध्ये ढकलायचा. ना खडखड, ना हिसका. हे सगळं तो रस्त्याकडे बघत, गिरिजाबाईशी बोकडाच्या मसाल्याबद्दल बोलत करत होता. वाटूरच्या फाट्यावर एसटी, ऑटो, उसाचा ट्रॅक्टर आणि मोसंबीचा हातगाडा यांनी मिळून असा काही घोळ घातला होता की अर्पिताने डोळेच मिटले. थांबलो तर पुन्हा तो हिसका, आणि समोर माणसं. पण बद्रीनाथ लांबूनच गाडी हळू करत आला, हॉर्नवर हात ठेवून फटीतून फटीत शिरत राहिला आणि ट्रक न थांबता पलीकडे निघाला.

"पप्पा, लै भारी," ती म्हणाली. सकाळची काळजी कुठल्या कुठे गेली होती. आपला बाप या रस्त्यावरचा सगळ्यात हुशार डायव्हर आहे, असं तिला मनापासून वाटलं, आणि उद्या ऑफिसात हे कसं सांगायचं याची जुळवाजुळवही तिने सुरू केली.

माळावर पोचल्यावर कंदोरी व्हायची तशी झाली. दर्ग्याच्या मुजावरांनी फातेहा दिला, बोकड कापला गेला, दगडांच्या चुली पेटल्या. पुरुषांनी कांदा चिरता चिरता राजकारण केलं आणि बायकांनी भाकरी थापता थापता पुरुषांचं. नातवाला पिरापुढे लोळवलं तेव्हा त्याने कबरीवर पांघरलेल्या गलेफाच्या टोकाला असा काही हात घातला की तो सोडवायला तिघी लागल्या. साळूबाईचा ऊर भरून आला होता. फक्त तिच्या मनाला एक चुटपुट लागून राहिली होती. गाडी घेतल्यापासून घरची माणसं घेऊन ट्रक कुठे निघाला की पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबू ठेवायचं काम तिचं, आणि आज सकाळच्या गडबडीत तेच राहिलं होतं.

बद्रीनाथ खाली उतरला नाही. गाडीभोवती पोरं खेळतात, कुणीतरी जवळ पाहिजे म्हणाला. अर्पिताने त्याचं ताट वर केबिनमध्येच नेऊन दिलं. एवढ्या मोठ्या कंदोरीचा यजमान गाडीत बसून जेवतो याचं एकदोघांनी हसू केलं. गाडीवर जीव आहे त्याचा, म्हणाले.

निघायची वेळ झाली तेव्हा ऊन अजून होतं. पातेली चढली, सतरंजी झटकून झाली. साळूबाई अंगदला म्हणाली, "मागं लै हादरे बसतेत रे. पाठ दुखून राह्यली माझी. आता पुढंच बसते. वास आला तर येऊ दे." अंगदने बरं म्हटलं आणि तो हौद्यात चढला. आजी केबिनकडे निघाली, पण आधी तिने पदराची गाठ सोडून लिंबं काढली. ट्रकसमोर नारळ फोडला, एक लिंबू एका चाकाखाली ठेवलं, दुसरं दुसऱ्या चाकाखाली. इंजिन बंद होतं. बंद गाडी काय करते? आयुष्यभर तिने बंद गाडी खुंट्याला बांधलेल्या बैलाइतकीच निर्धोक मानली होती. गाडी आधी घरघर करते, मग जरा वेळाने हलते, तेवढ्यात म्हातारं माणूससुद्धा बाजूला होतं, हा तिचा अनुभव. होळीनंतर ती या गाडीसमोर एकदाही उभी राहिली नव्हती.

नारळ फुटल्याचा आवाज केबिनमध्ये ऐकू आला. "झालं मायचं," बद्रीनाथ म्हणाला. केबिनमधल्यांच्या हिशेबी आजी सकाळसारखी मागे बसणार होती. मागच्यांच्या हिशेबी ती पुढे बसली होती. अंगदने पत्र्यावर दोन थापा मारल्या. आणि साळूबाई त्या वेळी एका चाकाखालचं घरंगळलेलं लिंबू पुन्हा नीट लावायला बंपरखाली वाकून बसली होती.

बद्रीनाथने गिअर पहिल्यात टाकला. अर्पिता समोर बघत होती. काचेतून तिला फक्त मुजावर दिसत होते, वाटेच्या कडेला, निरोपाचा हात वर करून उभे. बापाचा हात चावीकडे गेला. मुजावरांची नजर खाली वळली, ट्रकच्या तोंडाशी, आणि त्यांचा वर केलेला हात तसाच राहिला. त्यांचं तोंड उघडलं. त्यातून काय आलं ते ऐकू आलं नाही, कारण तेवढ्यात सेल्फचा आवाज झाला आणि ट्रकने पहिला हिसका मारला.

अर्पिताने विचार केला नाही. विचार केला असता तर या गाडीला क्लच नाही हे तिला आठवलं असतं. ती बोनेटवरून उजवीकडे घसरली आणि बापाच्या गुडघ्यावरून पाय घालून तिने जीव खाऊन क्लच दाबला.

गाडी थांबली.

इंजिनाने आवाज धरला होता. घुमत होतं, केबिन थरथरत होती, गिअर पहिल्यातच होता, आणि गाडी जागची हलत नव्हती. बद्रीनाथने ब्रेक दाबला तो त्यानंतर. बाहेर आरडाओरडा झाला, हौद्यातून माणसांनी उड्या टाकल्या. गिरिजाबाई पोराला छातीशी धरून "काय झालं, काय झालं" एवढंच म्हणत होती.

"आजी," अर्पिता म्हणाली. "आजी पुढं हाय."

खालून मुजावर ओरडले, "ठीक हैं, ठीक हैं. अम्मा ठीक हैं." बंपरने साळूबाईला पाठीत रेटा दिला होता आणि ती बसल्या जागी तोंडावर पडली होती. कोपर सोलपटलं होतं. चाक तिच्या लुगड्याच्या काठावर येऊन थांबलं होतं. अंगद काठ सोडवून तिला उठवत होता आणि मुजावर दोघांना सावरत होते.

आजी वाचली. अर्पिताने हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठे तिला आपल्या पायाची आठवण झाली. पाय अजून क्लचवर होता. तळव्याखाली चांगली जोरकस स्प्रिंग होती.

"पप्पा, न्यूट्रल करा."

त्याने दांडा बाहेर काढला. सहज निघाला. तिने चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग ती वाकली आणि क्लच हाताने दाबला. खाली गेला. सोडला, वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर आला.

"क्लच चांगला हाय," ती म्हणाली.

बद्रीनाथने चावी काढून खिशात टाकली.

"बिलकुल चांगला हाय. पप्पा, दादाला तुमी दोनदा जालन्याला पाठवलं. गावाला सांगितलं. मला सकाळी सांगितलं. ह्या गाडीला काय बी झालेलं न्हाई."

"गाडीला न्हाईच झालेलं," तो म्हणाला. मग त्याने दोन्ही हातांनी आपली डावी मांडी धरून उचलली आणि जरा बाजूला ठेवली, जशी आपण एखादी जड पिशवी सरकवतो तशी. अर्पिता बघतच राहिली. सकाळपासून ती त्या पायाच्या वितभर अंतरावर बसली होती. तिने त्याच्या हातांचं कौतुक केलं होतं, कानांचं केलं होतं. डावा पाय एकदासुद्धा हलला नाही हे तिला दिसलं नव्हतं, कारण हलायचं कामच त्या पायाला नव्हतं.

"कवापासून?"

"मुंग्या येत व्हत्या आधी. साखरेमुळं असंल म्हणलं. मंग मुंग्या पण गेल्या. होळीच्या आधी मंठ्याच्या बाजारात गाडी घातली तर पाय पेडलवरून सटकला, आणि मला कळलंच न्हाई. गाडी समोरच्या टपरीपाशी जाऊन थांबली. एक बाई व्हती तिथं. वाचली. तवापासून क्लच सोडला. उजवा पाय बराबर हाय माझा. गाडी मी बराबर चालवतो. तू बघितलं ना सकाळी?"

"दवाखान्यात गेल्ते का?"

"गेलो असतो तर काय म्हणले असते ते? गाडी सोड म्हणले असते. गाडीचं कायतरी गेलंय म्हणलं तर लोक म्हणतेत, वा रे डायवर. डायवरचं गेलंय म्हणलं तर कोण बसंल माझ्या गाडीत?"

गिरिजाबाई रडत होती. रोज रात्री त्याच्याच अंथरुणाशेजारी झोपणाऱ्या त्या बाईला आज कळत होतं. अर्पिताला रडू आलं नाही. वाटूरचा फाटा तिला आठवला, ती फट, ती माणसं, आणि आपण केलेलं कौतुक. तिला बापाचा राग आला, इतका की त्याला तिथल्या तिथे हलवून जाब विचारावा, आणि त्याच वेळी त्याने ती मांडी उचलून ठेवली होती ते डोळ्यांपुढून जात नव्हतं. दोन्ही एकदम कसं सहन करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

साळूबाई केबिनच्या दारापाशी येऊन उभी राहिली. केसांत माती होती. आतलं बोलणं तिने ऐकलं होतं की नाही कोण जाणे. तिच्या मागे उभ्या असलेल्या भावकीने तरी ऐकलं होतं, कारण कुणीही काही विचारत नव्हतं.

"बद्री, उतर खाली," ती म्हणाली.

"माय, तुला लागलं का?"

"उतर म्हणले ना."

तो उतरला. दार धरून, उजव्या पायावर भार देऊन. डावी चप्पल वर केबिनमध्येच राहिली आणि त्याला ते कळलं नाही. ते सगळ्यांनी पाहिलं. अंगदने पुढे होऊन त्याला काखेत धरलं आणि चिंचेच्या सावलीत सतरंजीवर बसवलं. मग तो कुणाकडेही न बघता म्हणाला, "मी वाटूरहून डायवर घेऊन येतो," आणि मुजावरांची मोटारसायकल घेऊन निघून गेला.

साळूबाई लेकासमोर बसली आणि तिने त्याचा डावा पाय मांडीवर घेतला. पायाच्या बाहेरच्या कडेला करंगळीएवढी लांब भाजल्याची जखम होती. फोड येऊन फुटला होता, वर माती बसली होती. बोनेटचा पत्रा तिथे तापतो, आणि त्या तापल्या पत्र्याला टेकून हा पाय दिवसभर पडून होता.

"हे कवा झालं?"

"काय?" म्हणत बद्रीनाथने वाकून बघितलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून अर्पिताला कळलं की ही जखम तोही पहिल्यांदाच बघतो आहे.

साळूबाईने अंगठ्याला चिमटा काढला. "लागतं का?"

"न्हाई."

तिने पुढच्या बोटाला काढला. मग पुढच्या. तळव्यावर नख ओढलं. प्रत्येक वेळी विचारलं आणि प्रत्येक वेळी तो न्हाई म्हणाला, आधी नेहमीच्या आवाजात, मग हळू, मग नुसती मान हलवून. भावकीतली माणसं गोल करून उभी होती. सकाळी याच गाडीच्या हिसक्याला खदखदून हसलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले होते. बद्रीनाथने मान फिरवली आणि तो माळाच्या पलीकडे कुठेतरी बघत बसला.

"आता टाचेला बघते हं," साळूबाई म्हणाली. "बराबर ध्यान दे."

भावकीचा गोल जरा आत सरकला.

"हां," बद्रीनाथ म्हणाला. "लागलं, माय. जरासं लागलं."

गिरिजाबाईने पिराकडे तोंड करून हात जोडले. मागे कुणीतरी सुस्कारा टाकला, कुणी म्हणालं की चांगल्या डॉक्टरला दाखवलं की होईल बराबर. अर्पिता आजीकडे बघत होती. डोळे पुसायला साळूबाईने पदर उचलला होता, आणि तिचे दोन्ही हात अजून पदरातच होते.